मुलामा चढण्याआधी मूर्ती पाहा

सत्तावीस वर्षं मी प्लेटिंगच्या कारखान्यात काढली. तांब्यावर, पितळेवर सोनं, चांदी, निकेल चढवणं हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे घरच्या बुद्धासाठी नेपाळमधून सोनेरी मूर्ती आणायची म्हटलं की ओळखीतली माणसं आधी मला विचारतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी माझी चूक सांगते, कारण पुढचा सगळा सल्ला तिच्यातूनच आला आहे. काठमांडूच्या पर्यटकांच्या बाजारातल्या एका दुकानातून मी पहिली मूर्ती घेतली. आठ इंचांचा शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, नखशिखांत झळझळीत. दुसऱ्या पावसाळ्यात काखेजवळ हिरवे ठिपके दिसले. मग गुडघ्यावरचा पापुद्रा सुटला. खाली पिवळंधमक पितळ होतं आणि कमळाच्या दोन पाकळ्या तर चक्क लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून रंगवलेल्या होत्या. वर जे होतं ते सोनं नव्हतंच, सोनेरी वॉर्निश होतं. चकाकीखाली ओतकामाचे दोष किती सहज झाकले जातात हे मी रोज दुसऱ्यांच्या मालात पाहत होते, पण बुद्धाचा चेहरा समोर आला आणि माझं लक्ष चकाकीवरच राहिलं.

म्हणून माझं सांगणं एकच: मूर्ती तांब्यात असताना निवडा. सोनं नंतर चढवून घ्या.

आधी डोळा तयार करा

नेपाळमधलं पाटण, म्हणजेच ललितपूर, हे या कामाचं माहेर. इथल्या नेवार समाजातली शाक्य घराणी पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती ओतत आली आहेत. याच काठमांडू खोऱ्यातला शिल्पकार अरनिको १२६० मध्ये ऐंशी कारागिरांबरोबर तिबेटला गेला आणि तिथून मंगोल सम्राट कुबलाई खानाच्या दरबारात पोचला. बीजिंगचा पांढरा स्तूप त्याच्या हातचा. तिबेटी मूर्ती आणि नेवार मूर्ती इतक्या सख्ख्या का दिसतात, ते यावरून कळतं.

पाटणला गेल्यावर पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. दरबार चौकातल्या जुन्या राजवाड्यात पाटण म्युझियम आहे. तिथे अर्धा दिवस द्या. जुन्या मुलाम्याच्या मूर्ती हाताच्या अंतरावर पाहता येतात आणि मेणापासून सोन्यापर्यंतचे टप्पे एका दालनात क्रमाने मांडून दाखवले आहेत. तिथून चालत हिरण्यवर्ण महाविहारात जा, लोक त्याला गोल्डन टेंपल म्हणतात. आतल्या अंगणात उतरायचं तर चामड्याचे बूट, पट्टा बाहेर काढून ठेवावा लागतो. शतकानुशतकं दिवे, धूप, हात लागलेलं सोनं कसं दिसतं ते तिथे पाहून घ्या. त्याची झाक खोल असते, जराशी तांबूस. दुकानातल्या दिव्याखालची लखलख तिथे नसते. ती झाक एकदा डोळ्यांत बसली की निम्मं काम झालं.

जमत असेल तर गुंला महिन्यात जा, साधारण श्रावणाच्या सुमाराला. त्या दिवसांत पाटणच्या बहालांमध्ये, म्हणजे विहारांमध्ये, एरवी बंद कपाटात असलेल्या मूर्ती दर्शनाला मांडतात. एक अडचण मात्र आहे. पावसाळ्यात मातीचे साचे वाळत नाहीत, म्हणून त्याच महिन्यात ऑर्डर दिलीत तर वाट पाहायची तयारी ठेवा. दसैं-तिहारच्या, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीच्या, सुट्ट्यांत कारखाने बंद असतात, तेही लक्षात असू द्या.

कोणता बुद्ध?

दुकानदार विचारेल, "कोणती मूर्ती?" तेव्हा नुसतं "बुद्ध" म्हणून भागत नाही. हात पाहा. उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटं जमिनीकडे, म्हणजे भूमिस्पर्श मुद्रा. डाव्या हातात भिक्षापात्र असेल तर बहुतेक वेळा तो शाक्यमुनी. दोन्ही हात मांडीवर एकावर एक, तर अमिताभ. उजवा हात पुढे, तळवा बाहेर, बोटांत हिरड्याची फांदी आणि डाव्या हातात पात्र असेल तर भैषज्यगुरू. तारा, मंजुश्री, चार हातांचा अवलोकितेश्वर हे बोधिसत्त्व निराळे. हरिततारेचा उजवा पाय खाली सोडलेला असतो, श्वेततारा पद्मासनात बसते आणि तिला सात डोळे असतात: चेहऱ्यावर तीन, तळहातांवर दोन, तळपायांवर दोन. विकणारे कधी कधी नावांची सरमिसळ करतात, तेव्हा हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

माझ्या घरी त्रिशरण-पंचशील म्हणतात, बाकी विधी नाहीत. त्यामुळे मला शाक्यमुनीच हवा होता, अंगावर दागिने नसलेला, भिक्खूच्या साध्या चीवरातला. १९५६ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला आले होते. त्या शहराशेजारून बुद्ध घरी आणायचा याचं मला फार अप्रूप होतं. तुमच्या घरची परंपरा वेगळी असेल तर मूर्तीही वेगळी निवडाल. पण निवड दुकानाच्या काचेसमोर उभं राहून करू नका, घरून ठरवून जा.

उंची इंचांत सांगतात. घरच्या कोनाड्याचं माप घेऊन जा आणि त्यातून वर एक वीत, दोन्ही बाजूंना चार बोटं मोकळी सोडा. आठ ते दहा इंचांच्या मूर्तीत चेहऱ्याचं काम नीट उतरतं. चार इंचांच्या आत डोळे कोरणं हे फार थोड्या हातांना जमतं, म्हणून लहान मूर्ती स्वस्त पडेल असं धरून चालू नका.

तांब्यातली मूर्ती कशी पाहायची

ओकुबहाल, म्हणजे रुद्रवर्ण महाविहार, आणि जवळचं महाबौद्ध मंदिर यांच्या आसपासच्या गल्ल्यांत फिरलात की छिन्नीचा टकटक आवाज येतो. आवाजाच्या दिशेने जा. माझी दुसरी मूर्ती ज्यांनी केली ते कारागीर अशाच एका गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत बसतात. मी त्यांना दाइ, म्हणजे दादा, म्हणते, ते मला दिदी. पहिल्या भेटीत मी विचारलं, "दाइ, सोनं न चढवलेली दाखवाल का?" त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "दिदी, तुम्ही कोणत्या कारखान्यातून आलात?" त्यानंतर दोन तास आम्ही धातूबद्दलच बोलत होतो.

पद्धत थोडक्यात सांगते, म्हणजे काय पाहायचं ते कळेल. मधमाशीचं मेण आणि सालाच्या झाडाची राळ एकत्र करून मूर्ती घडवतात, आतून पोकळ. तिच्यावर बारीक माती आणि शेणाचा पातळ लेप देतात. हा पहिला लेप सगळ्यात महत्त्वाचा, कारण मेणावरची रेघन्‌रेघ तोच उचलतो. त्यावर भाताचं तूस मिसळलेल्या जाड मातीचे थर देऊन सावलीत वाळवतात. मग साचा तापवून मेण काढून टाकतात आणि मोकळ्या जागेत वितळलेलं तांबं ओततात. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सियस लागतात. शेवटी साचा फोडतात. बाहेर येते ती काळपट, खरबरीत मूर्ती. तिला रूप येतं ते पुढच्या छिन्नीकामात, आणि ते काम आठवड्यांचं असतं, कधी महिन्यांचंही. मेणकाम, ओतकाम, छिन्नी, मुलामा, चेहरा, बहुधा प्रत्येकाचा हात वेगळा.

आता पाहायचं ते असं. मूर्ती उलटी धरून आत बघायची परवानगी मागा. प्रतिष्ठा न झालेली मूर्ती उलटी करायला कोणाची हरकत नसते. आत लालसर दिसलं तर तांबं, पिवळं दिसलं तर पितळ. मुलाम्यासाठी तांबंच हवं. पारा वापरून सोनं चढवताना धातूत जस्त किंवा शिसं जास्त असेल तर डाग उमटतात, सोनं नीट बसत नाही. नेवार कारागीर जवळपास शुद्ध तांबं वापरत आले ते याच कारणाने. शुद्ध तांबं ओतायला मात्र त्रासाचं, त्यात हवेचे बुडबुडे राहतात. म्हणून मूर्तीवर कुठे छोटं भोक बुजवलेलं दिसलं तर लगेच नाक मुरडू नका. ते कशाने बुजवलं आहे ते पाहा. तांब्याचाच तुकडा ठोकून, घासून बसवला असेल तर ती चांगली दुरुस्ती. राखाडी लांबी किंवा गोंदासारखं काही असेल तर मूर्ती परत ठेवा. नखाने खरवडलं की फरक कळतो.

भिंतीची जाडी पाहा. बुडाशी कडा सगळीकडे सारखी आणि बेताची असेल तर ओतणारा हात चांगला. एका बाजूला जाड, दुसरीकडे कागदासारखी पातळ असेल तर आतला मातीचा गाभा ओतताना सरकला होता.

मग मूर्ती खिडकीशी न्या. दिवा बंद करायला सांगा आणि बाजूने येणाऱ्या उजेडात चेहरा पाहा. दोन्ही भुवया एकाच वळणाच्या आहेत का? वरची पापणी धनुष्यासारखी आहे की नुसती रेघ? ओठांच्या कोपऱ्यात छिन्नी किती खोल गेली आहे? मूर्तिशास्त्रात चेहऱ्याची उंची हे माप धरतात. त्याला ताल म्हणतात, त्याचे बारा भाग म्हणजे बारा अंगुळं, आणि सगळं अंग त्या मापात बसवतात. हे मोजायला तुम्हाला फूटपट्टी लागणार नाही. माप चुकलेलं असलं की मान आखूड वाटते किंवा हात लांब वाटतात, आणि डोळा तिथेच अडकून राहतो. डोळा कुठेच अडकला नाही तर माप बरोबर आहे.

चेहऱ्यानंतर बोटं. माझा तर नियमच आहे: चेहरा सगळेच नीट करतात, कारण गिऱ्हाईक तोच पाहतं. हाताची बोटं, पायाचे तळवे, मागच्या बाजूची चिवराची घडी, कमळाच्या मागच्या पाकळ्या ही ठिकाणं कोणी पाहत नाही असं समजून टाळलेली असतात. दाइंनी दाखवलेल्या मूर्तीत बोटांची पेरं मोजता येत होती आणि चिवराच्या काठावरची वेल पाठीमागेही तितकीच बारीक होती. तिथेच मी ठरवलं.

एक प्रश्न न संकोचता विचारा: मेण हाताने घडवलं की रबराच्या साच्यातून काढलं? साच्यातून मेण काढण्यात खोट नाही, आज बरेच जण तसंच करतात आणि छिन्नीकाम चांगलं असेल तर मूर्तीही चांगली होते. पण मग ती एकमेव नाही, आणि किंमत त्याप्रमाणे असावी.

सोनं

हा माझा विषय, म्हणून इथे जरा जास्त थांबते.

पाटणचा पारंपरिक मुलामा पाऱ्याचा असतो. शुद्ध सोनं पाऱ्यात खलून लोण्यासारखा चंदेरी लगदा करतात. तांबं आम्लाने स्वच्छ करून त्यावर तो लगदा चोपडतात आणि मूर्ती तापवतात. पारा ३५७ अंशांना उकळून उडून जातो आणि सोनं मागे राहतं. सुरुवातीला ते मातकट, निस्तेज दिसतं. अकीकाच्या दगडाने घासलं की झळाळी येते. उष्णतेमुळे सोन्याचा खालचा थर तांब्यात थोडा मुरतो, म्हणून हा मुलामा पापुद्र्यासारखा सुटत नाही.

विजेच्या टाकीतलं प्लेटिंग याहून वेगळं. विजेचा प्रवाह टोकांवर आणि कडांवर जास्त जातो, खाचांत कमी. त्यामुळे नाकाच्या शेंड्यावर सोनं जाड आणि चिवराच्या घडीत पातळ. ओळखायची खूण हीच: भिंगाने खोल खाचा पाहा. पाऱ्याचा मुलामा ब्रशने घडीघडीत भरलेला असतो, तिथेही तो भरदार दिसतो, क्वचित थोडा साचलेलाही. प्लेटिंगमध्ये खाचेचा तळ फिकट पडतो. आणि पृष्ठभाग आरशासारखा, सगळीकडे एकसारखा चकचकीत असेल तर बहुधा ते प्लेटिंग.

किती सोनं लागतं याचा हिशेब घरी करता येतो. कमळपीठासकट आठ इंचांच्या बसलेल्या मूर्तीचं क्षेत्रफळ अंदाजे हजार चौरस सेंटिमीटर धरा. तेवढ्या जागेवर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, जाडीचा थर द्यायला जवळपास दोन ग्रॅम सोनं लागतं. नेपाळमध्ये सोनं तोळ्यात मोजतात, आणि तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे एक तोळा सोन्यात अशा मूर्तीवर साधारण सहा मायक्रॉनचा थर बसेल. आता त्या दिवशीचा तोळ्याचा भाव पाहा. "पूर्ण चोवीस कॅरेटचा जाड मुलामा" म्हणून सांगितलेल्या मूर्तीची सगळी किंमत अर्ध्या तोळ्याहूनही कमी येत असेल, तर सोनं किती आहे ते तुमचं तुम्हाला कळेल.

भावाची बोलणी करताना कोणते रुपये तेही स्पष्ट करून घ्या. तिथे भारतीय रुपयाला आयसी आणि नेपाळी रुपयाला एनसी म्हणतात. १०० आयसी म्हणजे १६० एनसी. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. नुसता आकडा ऐकून मान डोलावलीत तर नंतर दोघांनाही वाईट वाटतं.

आता जे सांगते ते सगळ्यात मनापासून. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि ती मज्जासंस्था आणि मूत्रपिंडं पोखरते. मी माझ्या कारखान्यात सायनाइडच्या टाक्यांशेजारी उभी राहिले आहे. विषाशी काम करताना शोषक पंखा, बंद हुड आणि हातमोजे म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे, आणि ते नसलं की कोण आजारी पडतं तेही. म्हणून ऑर्डर देताना विचारा: मुलामा कुठे होतो, वाफ ओढून घेणारा हुड आहे का, पारा परत गोळा करतात का? ज्याच्याकडे सोय आहे त्याचा दर जास्त असतो. तो द्या, त्यात घासाघीस करू नका. तापवताना पाहायला मिळतंय म्हणून मुलांना घेऊन तिथे उभे राहू नका. आणि हे काम घरी करून पाहायचा विचारही मनात आणू नका.

पाऱ्याचा मुलामा नकोच असं कोणाला वाटलं तर मला ते पटतं. अशा वेळी तांब्याच्या चांगल्या मूर्तीवर जाड प्लेटिंग करून घ्या आणि किती मायक्रॉन ते पावतीवर लिहून घ्या. घरात नीट ठेवली तर तीही आयुष्यभर टिकेल. मी स्वतः काय केलं? दाइंशी बोलून मी निम्मा मार्ग काढला: चेहरा, हात आणि चिवराचे काठ यांवर पाऱ्याचा मुलामा, बाकी अंग तांब्याचंच. पाराही कमी लागला, आणि तांब्याच्या तपकिरी अंगावर सोन्याचा काठ उठून दिसतो. अशा अर्धमुलाम्याच्या मूर्ती पाटणला सर्रास करतात, फक्त मागाव्या लागतात.

चेहरा

तिबेटी परंपरेत मुलाम्यावर चेहऱ्याला पुन्हा थंड सोनं देतात. सोन्याची पूड सरसात कालवून ब्रशने लावतात. ती मऊ, न चकाकणारी दिसते. मग डोळे, भुवया, ओठ रंगवतात, केसांना निळा रंग देतात. हे करायचं की नाही ते आधीच सांगा. हा थर पाण्याने निघतो, बोटाने पुसला जातो. घरात लहान मुलं असतील, किंवा मूर्तीला हात लावून नमस्कार करायची सवय असेल, तर चेहरा न रंगवता नुसता मुलाम्याचा ठेवा. रंगवून घेणार असाल तर डोळे उघडतील त्या दिवशी तिथे हजर राहा. बुबुळ केसभर वर गेलं तर नजर तुमच्या डोक्यावरून जाते, केसभर खाली आलं तर मूर्ती पेंगुळलेली वाटते. तुम्ही जमिनीवर बसून वंदना करता की उभ्याने, आणि मूर्ती किती उंचीवर असेल, एवढं चितारणाऱ्याला सांगितलंत की तो नजर तशी धरतो.

कागदपत्रं

पावतीवर हे सगळं लिहून घ्या: उंची, धातू, मुलामा कोणता आणि कुठपर्यंत, चेहरा रंगवलेला की नाही, आगाऊ रक्कम, कोणत्या रुपयात, तारीख. निम्मे पैसे आधी आणि निम्मे मूर्ती हातात आल्यावर, असं माझं ठरलं होतं. मधे एकदा तांब्याच्या टप्प्यावर फोटो मागवा, उजेड बाजूने पडलेला असताना काढलेला. माझी मूर्ती हाती यायला साडेतीन महिने लागले.

देशाबाहेर नेताना पुरातत्त्व विभागाचा दाखला लागतो. त्यांचं कार्यालय काठमांडूत रामशाहपथावर आहे. मूर्ती आणि पावती घेऊन जायचं, ते पाहून ती जुनी नसल्याचा दाखला देतात आणि शिक्का मारतात. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू नेपाळबाहेर नेता येत नाही. शनिवारी सुट्टी असते, म्हणून परतीच्या आदल्या दिवसावर हे काम ठेवू नका. बरेच कारागीर स्वतःच दाखला काढून देतात.

कोणी हळूच कपाट उघडून "ही जुनी आहे, मठातली आहे" म्हणून काही दाखवलं तर तिथून उठा. या खोऱ्यातल्या देवळांतून, विहारांतून असंख्य मूर्ती चोरीला गेल्या आहेत. पाटणच्या एका देवळातून १९८४ मध्ये चोरलेली लक्ष्मीनारायणाची मूर्ती अमेरिकेतल्या डॅलसच्या संग्रहालयातून २०२१ मध्ये परत आली. मधल्या काळात त्या टोलातली, म्हणजे वस्तीतली, माणसं तिच्या जागी ठेवलेल्या प्रतिकृतीला नमस्कार करत होती. कोणाच्या तरी नमस्कारातून ओढून आणलेला बुद्ध आपल्या घरात नको.

आत काय भरायचं

मूर्ती पोकळ असते आणि बूड उघडं. नेपाळ-तिबेटच्या वज्रयान परंपरेत ती रिकामी ठेवत नाहीत. मधोमध जुनिपरच्या लाकडाची काठी, तिच्याभोवती केशराच्या पाण्याने रंगवलेल्या मंत्रांच्या गुंडाळ्या, सुगंधी पूड, धान्य, पवित्र जागची माती असं घट्ट भरतात. मग तांब्याचा पत्रा बसवून बूड बंद करतात, त्यावर विश्ववज्र, म्हणजे एकमेकांवर आडवी ठेवलेली दोन वज्रं, कोरलेलं असतं. गुंडाळ्या उलट्या जाऊ नयेत आणि काहीही ओलसर नसावं, या दोन गोष्टी तिथले भिक्खू फार कटाक्षाने पाळतात. ओलावा राहिला तर आतून तांबं खराब होतं, तेव्हा हा नियम धातूच्या दृष्टीनेही बरोबरच आहे. पाटणमध्ये वज्राचार्य गुरू हा विधी करतात, काठमांडूच्या बौद्धनाथ स्तूपाच्या आसपासच्या गोम्पांत, म्हणजे तिबेटी मठांत, लामा करतात. दक्षिणा आपल्या इच्छेने. भरलेली, बंद केलेली मूर्ती पुन्हा उघडू नये.

मी विधी केला नाही. दाइंना तसं सांगताना मला अवघड वाटत होतं, त्यांच्या श्रद्धेचा अपमान होईल की काय असं. त्यांनी विचारलं, "मग आत काहीच नको?" माझ्या पर्समध्ये आईच्या हस्ताक्षरातला कागद होता, त्रिशरण आणि पंचशील. शाळेची पायरी न चढलेली माझी आई उतारवयात लिहायला शिकली, आणि तिने पहिल्यांदा पूर्ण उतरवलेला कागद तो. दाइंनी तो दोन्ही हातांनी घेतला, उन्हात तासभर ठेवला, मंत्राची गुंडाळी करतात तसा गुंडाळला आणि पिवळ्या कापडात बांधून आत उभा बसवला. मग पत्रा ठोकून बंद केला. त्या पत्र्यावर वज्र नाही, साधं धम्मचक्र आहे, त्यांनीच सुचवलेलं.

घरी

मूर्ती जमिनीवर ठेवू नका. आपण बसल्यावर तिचा चेहरा आपल्या डोळ्यांच्या वर यावा. तिबेटी पद्धतीत मूर्ती मधे, ग्रंथ आपल्या डाव्या हाताला आणि छोटा स्तूप उजव्या हाताला ठेवतात. पाण्याच्या सात वाट्या मांडतात, दोन वाट्यांत जवाच्या दाण्याएवढं अंतर. सकाळी डावीकडून भरायच्या, संध्याकाळी उजवीकडून रिकाम्या करून, पुसून पालथ्या ठेवायच्या. मला ही पाण्याची रीत फार आवडली. मी एकच वाटी ठेवते.

स्वयंपाकघराची सामायिक भिंत, ओल आलेली भिंत, थेट ऊन आणि एसीचा झोत टाळा. मेणबत्ती आणि अगरबत्ती मूर्तीपासून हातभर पुढे आणि एका बाजूला. खाली लावली की काजळी थेट हनुवटीवर आणि नाकाखाली धरते, आणि ती काढायला गेलं की थंड सोनंही निघतं. हार घालू नका. ओल्या फुलांचा रस तांब्याला लागतो. फुलं समोर ताटलीत ठेवा.

आणि कृपा करून मूर्ती घासू नका. तांब्याच्या भांड्याला चिंच-लिंबू लावायची आपली सवय इतकी पक्की आहे की एखाद्या सणाच्या आदल्या दिवशी कोणीतरी उत्साहाने मूर्तीलाही लावतं. आम्ल आणि पॉलिश सोन्याचा थर झिजवतात. मुलाम्याला उजळवायची गरज नसते, सोनं काळवंडत नाही. काळं पडतं ते खालचं तांबं किंवा वरची काजळी. मऊ केसांचा कोरडा ब्रश, चित्रकाराचा चालतो, आठवड्यातून एकदा वरून खाली फिरवा. उचलताना बुडाशी धरा, दोन्ही हातांनी, सुती कापड मधे ठेवून. घामातलं मीठ तांब्याला लागतं.

वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी भिंग घेऊन बसते आणि बुडाच्या कडा, काखा, कमळाच्या पाकळ्यांच्या मागच्या खाचा तपासते. हिरवट ठिपका दिसला तर आधी तो ओला-भुरभुरा आहे की कोरडा-घट्ट ते बघायचं. कोरडा आणि घट्ट असेल तर तसाच राहू द्यावा, फक्त वहीत जागा आणि तारीख लिहून ठेवावी. फिकट हिरवा आणि भुरभुरा असेल, पुसल्यावर महिन्याभरात परत येत असेल, तर मूर्ती बंद काचेच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावी आणि धातूच्या वस्तूंचं जतन करणाऱ्या माणसाला दाखवावी. माझ्या मूर्तीच्या डाव्या गुडघ्याखाली असा एक कोरडा ठिपका चार वर्षांपासून आहे, तिळाएवढा, आणि तो अजून तिळाएवढाच आहे.